आमची वंशावळ कोणी लिहिली?

सांगोल्याचे नाव शाळेच्या इतिहासात आले तर एकाच कारणाने येते. १७५० साली इथे झालेल्या कराराने सातारच्या छत्रपतींची सत्ता नानासाहेब पेशव्याच्या हाती गेली. ज्या पेशवाईने आमच्या बापजाद्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला, ती खऱ्या अर्थाने सर्वसत्ताधीश झाली ती आमच्या या माणकाठच्या गावात. या कराराबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामागे एका वंशावळीचा वाद होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

शाहू छत्रपतींना मुलगा नव्हता. ताराबाईंनी पुढे येऊन सांगितले की आपला एक नातू लहानपणापासून लपवून वाढवलेला आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्याच पानगावहून त्या मुलाला आणले गेले. तोच रामराजा. पुरावा काय? ताराबाईंनी त्याच्या पंगतीला बसून जेवण केले आणि शपथ घेतली. एवढ्यावर तो छत्रपती झाला. पुढे त्याने आजीचे ऐकले नाही, सांगोल्यात पेशव्याला सगळे देऊन टाकले, तेव्हा त्याच आजीने त्याला साताऱ्यात कैद केले आणि जाहीर केले की हा आपला नातू नव्हेच, हा कोणी गोंधळी आहे. १७५२ साली जेजुरीला खंडोबापुढे तशी शपथही घेतली. म्हणजे एका बाईच्या शब्दावर नाते लागले आणि त्याच बाईच्या शब्दावर तुटले. गादीचा प्रश्न होता तरी कोणी महसुली पुरावा मागितला नाही. अर्जदाराच्या घरी दक्षता पथक पाठवले नाही.

आज त्याच सांगोल्यात आमच्या भावकीतली एक मुलगी वैद्यकीय प्रवेशासाठी जात पडताळणीची फाईल घेऊन फिरत होती. तिच्याकडे वडिलांचा शाळेचा दाखला होता, आजोबांचाही होता, पण तो १९५० नंतरचा. पणजोबा शाळेत गेलेच नव्हते. मुंबईला गेलेल्या एका दूरच्या शाखेकडे १९५० च्या आधीचा दाखलाही होता आणि वैधता प्रमाणपत्रही. अडचण अशी की त्यांचे आडनाव वेगळे. 'हे तुमचे कोण लागतात ते कागदावर दाखवा,' असे एका कार्यालयात तिला सांगण्यात आले. त्या एका वाक्यापायी आम्ही जवळपास पाच महिने आमच्याच घराण्याचा शोध घेतला. हा लेख त्या शोधातून झाला आहे. पण तो आमच्या घरापुरता नाही, कारण सोलापूर, सांगली, सातारा कुठल्याही गावच्या बौद्ध वस्तीत हीच गोष्ट आहे.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की जुन्या कागदात आमचे पूर्वज आहेत. लोक समजतात की अस्पृश्यांची नोंदच नव्हती. तसे नाही. दुमाला जमिनींची नोंदवही, म्हणजे गाव नमुना ३, जुने फेरफार, जन्ममृत्यूचा नमुना १४ यांत आमची माणसे सापडतात, अर्थात मोडीत. त्यांना आडनाव नाही. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि पुढे 'महार', संपले. पण ही नोंद कशासाठी केली? आमच्या घराण्याचा मान ठेवायला नव्हे. गावकीचे काम कोणाकडून करून घ्यायचे याची ती यादी होती.

महार वतन हे वैयक्तिक नव्हते, साऱ्या महारवाड्याचे होते. त्याच्या तक्षिमा पडत. एका मूळ पुरुषाच्या चार पोरांच्या चार तक्षिमा, मग त्यांच्या पोरांत त्याचे आणखी तुकडे. येसकरकीची पाळी याच तक्षिमांवर फिरे. या वर्षी या घराण्याने वेस राखायची, सारा पोहोचवायचा, मढ्याची वर्दी परगावी न्यायची, मेलेले जनावर ओढायचे. पुढच्या वर्षी त्या घराण्याने. त्याबद्दल हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि खळ्यावरचे बलुते. तेव्हा कोण कोणाचा मुलगा, कोणाचा हिस्सा किती आणे, हे गावच्या कुलकर्ण्याला चोख ठाऊक असावे लागे. आमची भावकी जिथे म्हणून लिहून ठेवली गेली, तिथे ती वेठीच्या हिशेबापोटी लिहिली गेली. १८७४ च्या वतन कायद्याने या हिशेबाला इंग्रजी राज्याचा शिक्का मारला.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. 'बहिष्कृत भारता'त १९२७ साली त्यांनी महारांच्या वतनावर लिहिले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यांचा एक मुद्दा आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणालाही कामावर ओढले जाई. नोकर एक आणि राबणार सगळे कुटुंब. म्हणजे सरकारला नाते हवे होते ते माणूस पकडायला. ते विधेयक पार पडले नाही. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते.

दुसरी गोष्ट आम्हाला उशिरा कळली आणि कळल्यावर राग आला. या सगळ्या कागदांत बाई नाही. विधवा असली तर कुठे तरी 'अमक्याची बायको' म्हणून एक ओळ. लेकी तर नाहीतच. आम्हाला वाटले, रीत तशी होती म्हणून. पण ती नुसती रीत नव्हती, कायदा होता. १८८६ च्या मुंबई कायदा क्रमांक ५ ने ठरवून टाकले की वतनी घराण्यातली स्त्री, शेवटच्या पुरुष धारकाची विधवा सोडून, आणि तिच्यामार्फत हक्क सांगणारा कोणीही, वारसाहक्कात घराण्यातल्या सर्व पात्र पुरुषांच्या मागे. सर्व पुरुषांच्या! चुलत चुलत भाऊ पुढे आणि पोटची लेक मागे. ज्या नोंदींवर आज आमची वंशावळ उभी करायला सांगतात, त्या नोंदी अशा कायद्याखाली तयार झालेल्या आहेत.

आता आडनावांचे पाहू, कारण शाखा हरवतात त्या बहुतेक इथेच. पूर्वी आमची नावे नाकान्त होती. खर्ड्याच्या लढाईतला शिदनाक सर्वांना माहीत आहे. कोरेगावच्या स्तंभावर जी नावे कोरली आहेत त्यांतली बावीस अशी नाकान्त आहेत. इंग्रजी शाळा, पलटण, गिरणी, रेल्वे इथे नाव लिहिताना आडनावाचा रकाना आला आणि ज्याला जे सुचले, किंवा समोरच्या मास्तराला, कारकुनाला जे सुचले, ते पडले. एक भाऊ गावात कुळीचे आडनाव लावून राहिला, दुसऱ्याच्या नावाला मुंबईत गावाचे नाव चिकटले, तिसरा कांबळे झाला. खुद्द बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे, गाव आंबडवे, आणि साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव लागले ते भिवा रामजी आंबेडकर. आडनावावरून शोधणारा माणूस मालोजी सकपाळ आणि भीमराव आंबेडकर हे आजा-नातू आहेत हे कधीच ओळखू शकणार नाही. आणि उलटही खरे. दोन कांबळे समोरासमोर बसले म्हणून ते भावकीतले असतातच असे नाही. आमच्याकडे हा गोंधळ सोडवायला देवक होते. एका देवकाचे ते भाऊ, त्यांच्यात सोयरीक नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर देव गेले आणि देवकही गेले. ते गेले हे बरेच झाले, त्याबद्दल आम्हाला कसलीही हळहळ नाही. पण त्यानंतर लग्न जुळवताना म्हातारी माणसे विचारू लागली ते वेगळेच: मूळ गाव कोणते आणि आजोळ कोणाचे? हा दुसरा प्रश्न लक्षात ठेवा.

माणसे का पांगली हे सांगोलेकराला समजावून सांगायची गरज नाही. १८७६ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, १८९९-१९०० चा, मग १९७२ चा. सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली. पुढे बार्शी लाईट रेल्वेची पंढरपूर-मिरज गाडी सांगोल्यावरून धावू लागली आणि पायी जाणारे गाडीने जाऊ लागले. मुंबईची गोदी, गिरण्या, नगरपालिकेची सफाई, रेल्वे. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यात गेले ते एका वेगळ्याच जगात गेले. गावात राहिलेल्यांकडे वतन राहिले, गेलेल्यांकडे पगार आला. पहिली पिढी जत्रेला, मयताला येत राहिली. दुसरी पिढी जयंतीला पत्र पाठवत राहिली. तिसऱ्या पिढीला गावचे नाव फक्त दाखल्यावर दिसते.

मग वतन संपल्यावर जमीन परत देण्याची वेळ आली. कब्जेहक्काची किंमत म्हणून आकाराच्या तिप्पट रक्कम भरून वतनदारांच्या नावे जमिनी नव्या शर्तीने लागल्या. या वेळचे फेरफार हे आमच्या शोधातले सर्वांत मोलाचे कागद ठरले. कारण हिस्सा सुटू नये म्हणून पांगलेल्या भावांचीही नावे त्यात बापासकट लिहून घेतलेली आहेत, आणि काहींच्या पुढे 'राहणार मुंबई' असेही. आमच्या मुलीच्या पणजोबाचे नाव असे सापडले, आणि त्याच नोंदीत त्याच्या थोरल्या भावाच्या मुलाचेही. वतनाच्या जमिनींचे पुढे काय झाले, किती बळकावल्या गेल्या, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पुण्याजवळच्या मुंढव्याचे प्रकरण २०२५ साली राज्यभर गाजले तेव्हा पुष्कळ तरुणांनी 'महार वतन' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आम्ही इतकेच म्हणतो की ज्याला आपली भावकी माहीत नाही त्याला आपल्या हिश्श्याची जमीन विकली गेल्याचे कळतही नाही.

पण फेरफारातला तो थोरल्या भावाचा मुलगा म्हणजेच मुंबईतल्या त्या वेगळ्या आडनावाच्या घराचा आजा, हे कोणी सांगायचे? नावे जुळत होती, पण शिदू, गणू, तुका ही नावे दर तिसऱ्या घरात. हे सांगितले ते मंगळवेढा तालुक्यात दिलेल्या, नव्वदीच्या घरातल्या एका आत्याने. आम्ही कागद पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. ''आरं, त्यो का परका हाय? तुझ्या पणज्याच्या थोरल्या भावाचं लेकरू त्ये. त्याची बायकू माझ्या सासूची मावसबहीण.'' मग एकेका घराचे नाव घेत तिने सगळी मांडणी करून दिली. कोणाची लेक कोणाकडे दिली, कोण बाळंतपणात गेली, कोणाच्या लग्नात मुंबईहून कोण आले होते. पुरुषांच्या चार पिढ्या तिला बायकांच्या सोयरिकीवरून आठवत होत्या. घरातल्या पुरुषांना विचारले तर आजोबांच्या पलीकडे गाडी जात नव्हती. आमचीही गेली नव्हती, हे कबूल करतो.

त्या मंगळवेढ्याचेच आणखी एक उदाहरण. चोखोबांचे कुटुंब. सोयराबाई पत्नी, कर्ममेळा मुलगा, निर्मळा बहीण, आणि बंका हा निर्मळेचा नवरा व सोयराबाईचा भाऊ. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या एका महार कुटुंबाची नाती इतकी नेमकी आपल्याला कशी ठाऊक आहेत? कुठल्या दप्तरातून नव्हे. त्यांच्या अभंगांतून आणि ते गाणाऱ्या लोकांच्या आठवणीतून. शेजारच्या नाझऱ्याच्या श्रीधर कवीने आपल्या आईबापांची, सावित्री आणि ब्रह्मानंदांची नावे स्वतःच्या ग्रंथांत लिहून ठेवली. त्याच्या हातात लेखणी होती. चोखोबांच्या घरात ती नव्हती, तरी घर आठवणीत टिकले. नीट पाहा, हे कुटुंब बाप-लेक एवढ्या एका रेषेत मावतच नाही. बंका त्यात येतो तो दोन बायकांमुळे, बहिणीचा नवरा म्हणून आणि नवऱ्याची बहीण केली म्हणून. आजचा वंशावळीचा नमुना भरायला घेतला तर चोखोबा आणि कर्ममेळा राहतील, निर्मळा, बंका आणि सोयराबाई गळतील.

चळवळीच्या इतिहासातही हेच. गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून १८८६ साली निवृत्त झालेले, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे आमचे आद्य पुढारी. त्यांचा आणि बाबासाहेबांचा घराण्याचा संबंध काय? पुरुषांच्या वंशावळीत काहीच नाही. पण वलंगकर रमाईच्या नात्यातले होते. दोन पिढ्यांना जोडणारा धागा रमाईकडून येतो. तसेच आई गेल्यावर भिवाला वाढवले ते मीराआत्याने. आमच्या किती पोस्टरवर मीराआत्या असते?

आता सरकारचे पाहू. माधुरी पाटील खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची चौकट घालून दिली. तो वाद अनुसूचित जमातीच्या खोट्या दाव्याचा होता. महाराष्ट्राचा २००० चा कायदा २००१ पासून अमलात आला आणि सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर पडला. खोटे दाखले काढणाऱ्यांना आळा हवा, यात दुमत नाही. आमच्या जागा लुटल्या जातात तेव्हा पहिली ओरड आम्हीच करतो. प्रश्न पुराव्याच्या स्वरूपाचा आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख, आणि नाते रक्ताचे, तेही बापाकडचे. चुलत्याची वैधता चालते, चुलत आज्याच्या घरची चालते. मामाची चालत नाही. २०१० च्या अपूर्वा निचळे निकालाने बापाकडच्या रक्तनात्यात एकाला वैधता असेल तर दुसऱ्याला विनाकारण अडवू नका असे बजावले, त्याचा फायदा आमच्या हजारो मुलांना झाला हे मान्य. पण दार उघडले ते बापाच्याच बाजूचे. २०१२ च्या रमेशभाई नाईका निकालात सर्वोच्च न्यायालय थोडे पुढे गेले. आंतरजातीय लग्नात बापाची जात हे गृहीतक आहे, अंतिम सत्य नाही. आईच्या समाजात वाढलेल्या मुलाला ते खोडून काढता येते, असे म्हटले. प्रत्यक्ष अर्जाच्या नमुन्यावर याचा प्रकाश अजून पडलेला दिसत नाही.

यात २०२४ साली 'सगेसोयरे' आले. २६ जानेवारीच्या त्या मसुद्याने आमच्या जिल्ह्यातल्या गावागावांत वंशावळींचा बाजार भरला. गरीब मराठा शेतकऱ्याच्या पोराशी आमचे भांडण नाही. पण मसुद्यातली व्याख्या वाचा. वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून जुळलेले नातलग म्हणजे सगेसोयरे. म्हणजे सोयरीक पहिल्यांदाच पुरावा म्हणून मान्य करायची, पण सजातीय असेल तरच! बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात प्रबंध वाचला तेव्हा सांगितले होते की सजातीय विवाह हाच जातीचा प्राण आहे. भावकीत लग्न करायचे नाही हा नियम सगळ्या जगात होता, भारतात त्यावर जातीबाहेर लग्न करायचे नाही हा नियम लादला गेला आणि जात तयार झाली. एकशे आठ वर्षांनी राज्य सरकार तोच नियम राजपत्रात पुराव्याची अट म्हणून घालत होते. ज्या घराने एका पिढीत जात मोडून लग्न केले, त्या घराची ती फांदी या व्याख्येतून बाहेर.

आमचे काही सहकारी विचारतात, बौद्धांना वंशावळ कशाला? कूळ, गोत्र, घराणे हा ब्राह्मणी खेळ आहे, त्यात आपण का पडायचे? प्रश्न योग्य आहे. अलीकडे आमच्यातही 'मूळचे राजघराणे' शोधणारे निघाले आहेत, बेदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्क दिले ही दंतकथा वंशाचा दाखला म्हणून छापतात. त्या वाटेने आम्हाला जायचे नाही. ते बावन्न हक्क म्हणजे काय होते? मढ्यावरचे कापड आणि खळ्यावरचे उरलेसुरले धान्य. आम्हाला वंशावळ हवी आहे ती मुलीची फाईल अडू नये म्हणून, वतनाचा हिस्सा गिळला जाऊ नये म्हणून, आणि आमच्या आया-आज्या पुन्हा एकदा कागदातून गळू नयेत म्हणून. ही कामे कुळाच्या अभिमानाची नाहीत.

म्हणून ज्यांना हे काम करायचे आहे त्यांना आमच्या अनुभवातून दोन गोष्टी सांगतो. तलाठी आणि तहसील कार्यालयात १९५९ नंतरचे वतन फेरफार आधी मागा, शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा त्यानंतर. हक्कसोडपत्रे शोधा. हा कागद पाहून वाईट वाटते, कारण आमच्या बहिणींची नावे सातबाऱ्याशी बहुधा एकदाच जोडली जातात, भावाच्या नावे हिस्सा सोडल्याचा अंगठा देण्यापुरती. पण त्याच कागदावर तिचे सासरचे नाव आणि गाव असते, आणि तिथून हरवलेली एक अख्खी शाखा सापडते. घरातल्या ट्रंका उघडा. जुन्या लग्नपत्रिका, मनिऑर्डरच्या पावत्या, गिरणीचे हजेरीकार्ड, पलटणीचे डिस्चार्ज बुक, चाळीची भाडेपावती, पुण्यानुमोदनाची कार्डे. १९५६ नंतर एका शाखेच्या दाखल्यावर 'महार', दुसरीच्या 'बौद्ध', तिसरीच्या 'नवबौद्ध' असेल. घाबरू नका, १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांतील अनुसूचित जातींना केंद्रातही मान्यता मिळालेली आहे. आणि हे सगळे करण्याआधी, वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ फोनचे रेकॉर्डिंग सुरू करून बसा. कागद दहा वर्षांनीही दप्तरात असेल.

मुलीची वैधता झाली. शपथपत्राला जोडलेल्या वंशावळीत सतरा नावे होती, सगळी पुरुषांची, नमुनाच तसा. आम्ही घरी एका मोठ्या कागदावर दुसरी वंशावळ मांडली आहे. तिच्यात एकोणसाठ नावे झाली. त्यांतल्या अकरा जागी नुसते गोल आहेत, आत नाव नाही, फक्त 'हिचे माहेर जवळा', 'हिचे माहेर महूद', 'ही पटकीत गेली' असे लिहिले आहे. आत्याला त्यांची नावे आठवत नाहीत. मुंबईच्या शाखेतली एक चुलती महूदच्या दोघींची नावे विचारून कळवणार आहे.